कारल्याचा मिस कॉल

माय,

मी आता जिथं कामाला आहे तिथं भोंगा नाही. वाळू आहे, बोरीची खुरटी झुडपं आहेत, आणि नजर पोचेल तिथवर सोलरच्या प्लेटा मांडून ठेवल्यात. आम्ही त्या धुतो. काच गार असते तोवर धुवायच्या, ऊन चढल्यावर पाणी मारलं तर तडकतात, म्हणून पहाटे सुरू झालेलं काम दहाला संपतं. मग सगळा दिवस पडलेला. काम नसलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. सिल्वासा सोडून सहा वर्षं होतील, त्यात हे सातवं ठिकाण. मोरबीला फरश्या उचलल्या, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, जामनगरला पितळेचं भंगार वितळवलं, कुठंच वर्ष पुरं केलं नाही. इथला ठेकेदार पण विचारतो, "कितना दिन टिकेगा?" मी म्हणतो, बघू. पण एक गोष्ट सातही ठिकाणी तीच राहिली. रात्री आठला पाच मिनिटं कमी असली की मी फोन घेऊन रेंजच्या जागी जातो. इथं रेंज पाण्याच्या टँकरवर चढल्याशिवाय येत नाही. मी चढायला लागलो की खालून कोणीतरी म्हणतंच, "चढ़ गया मराठा, घरवाली का टाइम हो गया." मी हात हलवतो. घरवाली नाही हे त्यांना माहीत आहे.

लिहायला बसलोय खरा, पण तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे कागद मलाच तुझ्यासमोर बसून वाचून दाखवायला लागले असते, आणि तसं असतं तर मी लिहिलेच नसते. सातवीपर्यंतची माझी शाळा, अक्षर तर कोंबडीचे पाय. तरी लिहितोय, कारण गेल्या मंगळवारी कारल्याचा मिस कॉल आला. आठ वाजून चार मिनिटांनी. स्क्रीनवर नाव आलं, एक घंटी वाजली आणि बंद. मी टँकरवर बसलेला होतो ते बरं, उभा असतो तर खाली आलो असतो. पुढं काय झालं ते सांगतो, पण आधीचं सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आणि आधीचं तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी तुझ्यापासून लपवलं.

बाप गेला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. धुळ्याकडून आपण आलो ते त्याच्या सूत कारखान्यातल्या नोकरीपायी. तो खोकत खोकत गेला आणि शेवटपर्यंत म्हणत राहिला की साधा ताप आहे, इथलं पाणी मानवत नाही. मग तुझी रक्ताची तपासणी झाली, मग माझी. माझी चांगली निघाली, तुझी नाही. आठ दिवस तू गप्प होतीस. भाकरी करायचीस, वाढायचीस, पण बोलत नव्हतीस. नवव्या दिवशी डोक्याला तेल लावलंस, बापाच्याच कारखान्यात काम मागायला गेलीस आणि येताना सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची डबी घेऊन आलीस. डबी पिशवीत खुळखुळते आणि लोक विचारतात म्हणून तिच्यात कापूस कोंबलास. गोळी रोज एका वेळेला, एक दिवसही चुकवायची नाही, असं तिथल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलेलं. आपल्या खोलीत घड्याळ नव्हतं. तू वेळ धरलीस ती भोंग्याची. बारा तासांची पाळी, सकाळी आठला भोंगा, रात्री आठला भोंगा. रात्रीचा वाजला की गेटाबाहेरच्या नळाखाली ओंजळ धरायची आणि गोळी गिळायची. दोन वर्षांत तुझं वजन भरलं, गाल भरले. चाळीतली बाई म्हणालीसुद्धा, नवरा गेल्यावर ही सुटली म्हणून. तू हसलीस. मला तिचा राग आला होता, तुझ्या हसण्याचा जास्त.

दर महिन्याला गोळ्या आणायला गेलीस की तिथल्या बाकावर तुला बाया भेटायच्या. कुणी पदरानं तोंड झाकून भिंतीकडे बघत बसलेली, कुणी नाव पुकारलं तरी न उठणारी. तू त्यांच्या शेजारी जाऊन बसायचीस आणि आधी विचारायचीस, "जेवलीस का?" एवढ्यावर बाया रडायच्या, असं तूच सांगायचीस. अशा पाच जणी तुझ्या झाल्या. दवाखान्यानं नेमलेलं नव्हतं तुला, मॅडम फक्त म्हणाल्या की तुमचं ऐकतात त्या, बघा जरा. तू त्यांना तुझीच युक्ती दिलीस. भोंगा झाला की गोळी. सिल्वाशात कुठंही राहा, कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा आठचा भोंगा कानावर येतोच.

ती किलवणीची बाई आठवते का, जिला आपण पुढं मेथी म्हणायला लागलो? मॅडमनी तिची डबी उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजल्या तर चार जास्त. मॅडम म्हणाल्या, "चुकवल्यात तुम्ही." ती म्हणाली, "एक नाही चुकवली. भोंगा झाला का घेतली." मग या चार कुठल्या? "त्या गुरुवारच्या. गुरुवारी आमच्याकडे कारखाना बंद, भोंगा कुठं असतो? मला वाटलं गोळीला पण सुट्टी पाहिजे. माणसाला आहे, मशीनला आहे." हे तू घरी सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसलो. तू हसली नाहीस. पीठ मळता मळता म्हणालीस, "हसू नको. ती माझं ऐकत होती. मी तिला वेळ सांगितली नाही, भोंगा सांगितला." गुरुवारी तू स्वतः शेजारच्या टीव्हीवर आठची मालिका लागली की घ्यायचीस, ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. किती महिने ती आठवड्याला एक दिवस बिनगोळीची राहिली याचा हिशेब तू बोटांवर करत बसलीस. त्या दिवशी तू जेवली नाहीस.

मग मिस कॉल निघाला. तुझ्याकडे तो बटणांचा फोन होता. आठ वाजले की तू पाचही जणींना एकेक घंटी द्यायचीस, उचलायचं नाही. गोळी गिळली की समोरून एक घंटी, कट. मी म्हटलं, "न घेता पण देतील की. घंटीला काय कळतंय?" तू म्हणालीस, "देऊ दे. आठ वाजता कोणीतरी आपली वाट बघतंय एवढं तरी तिला कळंल." नावं घालायची वेळ आली तेव्हा खरी नावं घालायची नाहीत हे तुझं आधीच ठरलेलं. कुणाचा नवरा, कुणाची सासू, फोन कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. समोर भाजीची पिशवी होती, म्हणून मेथी, भेंडी, गिलकं, गवार. पाचवी जवळच बसली होती, तिला मी विचारलं तर म्हणाली, "मला गोड काही नको. कारलं टाक. चाखील तो थुंकील." त्यांच्या फोनमध्ये तू भाजीवाली. तुला वाचता येत नव्हतं, पण फोन आला तर कुणाचा ते कळायला पाहिजे म्हणून मी तुला ते पाच शब्द शिकवले. परातीत पीठ पसरून बोटानं लिहून दाखवले. भेंडीच्या भ ला तू फार दिवस म म्हणायचीस. तू आयुष्यात वाचायला शिकलीस ते हे पाच शब्द, सहावा कधीच नाही.

भाजीवालीचं सोंग वठवायला लागलं ते भेंडीच्या नवऱ्यामुळं. त्यानं एकदा उलटा फोन लावला, "ओ भाजीवाली, रोज हिला मिस कॉल मारतेस, मला दोन किलो कांदे आणून दे, निवडून आण." तू दुसऱ्या दिवशी खरंच बाजारातून कांदे घेतलेस आणि खेरडीला त्याच्या दारात नेऊन टाकलेस. वर भाव केलास त्याच्याशी. तिथून तुला ती वाट सापडली. ज्या बाईचा मिस कॉल रात्री आला नाही, तिच्या दारात सकाळी पाळीच्या आधी भाजीची पिशवी. "भाजी घ्या," म्हणत उंबऱ्यात बसायचं आणि हळूच विचारायचं, काय झालं गं काल. एकही खाडा नाही. पाऊस असो, तुझे स्वतःचे पाय सुजलेले असोत. बायांना पण ते पाठ झालं होतं. फोन गेला नाही तर भाजीवाली येते.

कारलं दादऱ्याला एका मुकादमाबरोबर राहायची. लग्नाचा नवरा आधीच वारलेला. मुकादमाला तिच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. मॅडम म्हणत होत्या सांगून टाका, त्याचीपण तपासणी करू. ती म्हणायची, सांगते, सांगते, आणि तू म्हणायचीस तिला दटावू नका, घर जाईल तिचं, पण तोवर त्याला साधनाशिवाय जवळ येऊ द्यायचं नाही. मला हे कळलं ते एका गुरुवारी. मी तेव्हा अठराचा, पॅकिंगला लागलेलो. लवकर घरी आलो तर आपल्या खोलीच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तू, कारलं आणि गवार. कुकरची शिट्टी होत होती म्हणून माझी चाहूल लागली नाही. तुझ्या एका हातात कारखान्यातली प्लॅस्टिकची कांडी, सूत गुंडाळायची, आणि दुसऱ्या हातानं तू तिच्यावर निरोध चढवून दाखवत होतीस, टोक चिमटीत धरून, जसं काही मोदकाला पाकळी काढतेस. कारलं म्हणाली, "ताई, कांडी गप उभी राहते. माझा मुकादम राहील का?" गवार तोंडात पदर कोंबून हसायला लागली. तू म्हणालीस, "त्याला सांग, दवाखान्यात सांगितलंय आत सूज आहे, असं नाही केलं तर तुला खाज सुटंल. पुरुष सुजेला भीत नाही, खाजेला भितो." तेवढ्यात तुझी नजर माझ्यावर गेली.

त्या निघून गेल्यावर मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस का, ही बाईमाणसाची कामं आहेत का, असलं. कांडी मी खिडकीतून भिरकावली. तू कुकर उतरवलास, डाळ घोटलीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "लाज तुझ्या बापाला वाटली. डॉक्टरकडे जायची वाटली, मला सांगायची वाटली. त्याच्या लाजेची गोळी मी रोज खाते." एवढंच. नंतर त्यावर कधी बोलली नाहीस. पण महिन्याभरानं मी पोरांबरोबर दमणला निघालो, तेव्हा बॅगेत दशम्या आणि लोणच्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी निघाली. मला वाटलं गूळ. उघडली तर पाच निरोध. दमणगंगेच्या पुलावरून मी ती पुडी खाली टाकली. आज माझ्या ट्रंकेत निरोधांची डबी भरलेली असते, इथली पोरं हायवेला निघाली की मी वाटतो, आणि ती मला डॉक्टरसाब म्हणून चिडवतात. तेव्हा मात्र तू दिलेलं मी नदीत टाकलं. तू परत आल्यावर विचारलंस, "पुरल्या का दशम्या?" मी म्हटलं, पुरल्या.

आणि मग तुझी छाती. त्या आजाराचा ह्याच्याशी संबंध नव्हता, डॉक्टरनी दोनदा सांगितलं, हृदयाची झडप लहानपणापासूनच अधू होती, गोळ्या घेणारी म्हणून उलट एवढी वर्षं धडधाकट राहिली. अकरा दिवस तू दवाखान्यात होतीस. आत फोन ठेवू देत नव्हते. तू मशीनच्या तारांमधून हात काढून फोन माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, आठला दे घंट्या. मी रजा टाकून बाहेरच्या कट्ट्यावर बसलेला असायचो. आठला पाच घंट्या द्यायच्या, पाच परत यायच्या, मग दहा मिनिटं आत सोडायचे तेव्हा तुझी गोळी तुला द्यायची. तू गोळी जिभेवर ठेवून, पाणी घ्यायच्या आधी, आपल्या अहिराणीत विचारायचीस, "सगळास्ना उना का रे?" मी म्हणायचो, "उना." सगळ्यांचा आला. मग तू पाणी प्यायचीस.

पहिले दोन दिवस ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी कारल्याचा आला नाही. मी परत लावला, फोन बंद. मला ठाऊक होतं काय करायचं ते. सकाळी भाजी घेऊन दादऱ्याला जायचं. दादरा काही लांब नाही, टेम्पोनं अर्धा तास. पण मी एकोणीस वर्षांचा, मुकादमाच्या दारात उभा राहून काय म्हणू? मी भाजीवाला आहे? त्यानं कॉलर धरली तर? आणि खरं सांगतो माय, ह्याच्याही आत काहीतरी होतं. त्या बाईनंच त्या दिवशी कांडीवरून विनोद केला होता. तिच्या दारात कोणी मला बघितलं तर माझ्याबद्दल काय वाटेल, हे माझ्या डोक्यात होतं. बापाचीच लाज ती, दुसऱ्या अंगावर चढलेली. मी आत गेलो. तू विचारलंस. मी म्हटलं, "उना."

एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सोपं गेलं. पाचव्या दिवशी तर मी फोन न लावताच चौघींवर थांबलो. तुझी तब्येत सुधारत होती, डॉक्टर म्हणाले ताण देऊ नका, मला ते फार सोयीचं पडलं. मी स्वतःला सांगायचो, तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय. नवव्या दिवशी तुला बाहेरच्या वॉर्डात आणलं. तू उशीला टेकून बसलीस, चहा घेतलास, आणि हात पुढं केलास. "दाखव फोन." त्या फोनवर आलेल्या घंट्यांत चारच नावं होती आणि तुला ती वाचता येत होती, मीच शिकवलेली. मी म्हटलं, "चार्जिंगला लावलाय, खाली चहावाल्याकडे." फोन माझ्या मागच्या खिशात होता. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला कळलं का? मी सहा वर्षं हेच विचारतोय. कळलं असतं तर तू तशीच सलाईन काढून दादऱ्याला निघाली असतीस, म्हणून वाटतं की नसेल कळलं. तू हात मागं घेतलास आणि म्हणालीस, "कारल्याकडे लक्ष ठेव. ती बोलते तिखट, पण तिचं दार एका कडीवर आहे." अकराव्या दिवशी सकाळी तुझी झडप थांबली. आदल्या रात्रीची गोळी तू घेतली होतीस. तुझा एकही खाडा नाही.

तुझं सगळं आटोपल्यावर मी दादऱ्याला गेलो. सिल्वाशाच्या बाजारातून पिशवीत कारली घेतली, दुसरं काही सुचलं नाही. खोलीला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं पिशवी बघितली आणि विचारलं, "तू भाजीवाली का बेटा है क्या?" मी मान हलवली. मग ती सांगत गेली आणि मी पायरीवर बसलो. मुकादमाला तिची कापूस कोंबलेली गोळ्यांची डबी सापडली होती. त्यानं डबी गटारात फेकली, फोन भिंतीवर आपटला, तिला मारून बाहेर काढलं आणि खोलीला कुलूप घालून साइटवर निघून गेला. "दो दिन इसी पायरी पे बैठी थी," म्हातारी म्हणाली. "मैंने बोला, अंदर आ, रोटी खा. बोली, नहीं मौसी, फोन नहीं गया तो भाजीवाली आती ही है. सुबह आएगी. मैं अंदर रही तो उसको दिखेगी नहीं." पहिल्या सकाळी तिनं वाट बघितली, दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्या सकाळी पायरी रिकामी होती. कुठं गेली कोणालाच माहीत नाही. मी दिवस विचारले. म्हातारीनं बाजाराच्या वारावरून आठवून सांगितले. मी "उना" म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती पहिली सकाळ.

पिशवी मी म्हातारीकडेच ठेवली. महिन्यानं दवाखान्यात गेलो, मॅडमना तू गेल्याचं सांगायला. त्यांनी कोणाबद्दल काही सांगितलं नाही, त्या सांगत नाहीत. फक्त मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या आईबरोबर एक दादऱ्याची बाई यायची, तिचा काही ठावठिकाणा कळला तर कळवा हं." म्हणजे ती गोळ्या घ्यायला आलेली नव्हती. मी कळवतो म्हटलं आणि त्याच आठवड्यात मोरबीची गाडी धरली. लोक म्हणतात माझ्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली. जिथं जातो तिथं पहिले चार महिने रस्त्यावरच्या बायांची तोंडं बघतो, बांधकामावर घमेलं घेतलेल्या, स्टेशनावर झोपलेल्या. मग ते गाव संपतं, मी दुसरं धरतो. गोळ्या नसतील तर ती आता नसेल, हे मला कळतं. दुसऱ्या कुठल्या गावच्या दवाखान्यातल्या बाकावर ती बसली असेल आणि कोणी तिला जेवलीस का विचारलं असेल, असंही एखाद्या दिवशी वाटतं. फार दिवस नाही वाटत.

बाकीच्यांना मी घंटी देतो. तुझंच सिमकार्ड आहे, तुझ्या फोनची बॅटरी फुगली म्हणून दुसऱ्या फोनमध्ये घातलं आणि पाचही नावं परत हातानं लिहिली. गवारनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं, भाऊ, आता पुरे, माझ्या मोबाईलची घंटीच वाजते आठला. ती बरी आहे. गिलकं गावी गेली, तिथूनही देते. भेंडीचा नवरा आता स्वतः गोळी घेतो, कधी कधी तिच्याऐवजी तोच कट करतो. मेथी गुरुवारी दोनदा देते, अजून. आणि सगळ्यांचं झालं की माझं बोट आपोआप पाचव्या नावावर जायचं. सहा वर्षं तीच रेकॉर्ड केलेली बाई सांगायची की हा नंबर अस्तित्वात नाही. गेल्या महिन्यात एके दिवशी ती बोलली नाही. घंटी वाजली. मी घाबरून कट केलं. नंतर रोज एक घंटी, कट. उचलला तर काय ऐकू येईल ह्याची भीती, आणि न लावायचीही. मग मंगळवारी तिकडून आला.

मी उलटा लावला. एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. "कोण भाई? रोज आठ वाग्ये मिस कॉल आवे छे." वलसाडकडचा कुठलातरी. नवीन सिम घेतलं, कंपनीनं तिचा जुना नंबर त्याला दिला. रोज आठला घंटी वाजते म्हणून त्याला वाटलं, मुलगा असेल, बाहेर असतो, बोलत नाही पण आठवण काढतो, म्हणून त्यानंही एक परत दिली. खाली टँकरमध्ये पाणी डचमळत होतं. राँग नंबर म्हणून ठेवून द्यायला पाहिजे होतं. मी विचारलं, "काका, कसली गोळी चालू आहे का?" तो म्हणाला, "प्रेशरनी. पण भूली जाऊं छुं." विसरतो म्हणाला. मी म्हटलं, "आठला घेत जा. घेतली की एक घंटी देत जा."

तुझी डबी माझ्याकडे आहे, रिकामी, आत तोच कापूस. हे कागद गुंडाळले तर त्यात बसतील, वरून कापूस कोंबला की हलणारही नाहीत. अजून एक राहिलं. त्या म्हाताऱ्यानं मला त्याचं नाव सांगितलं, पण मी ते फोनमध्ये घातलं नाही, जुनंच ठेवलंय. काल आठला मी टँकरवर होतो. भेंडी आली, गिलकं आलं, मेथी आली, आणि शेवटी कारलं. तू विचारतेस, "सगळास्ना उना का रे?" मी म्हणतो, "उना."